वाऱ्याची वजावट

शेठ वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना उभारला. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. विमान बांधणे एक, ते इच्छित स्थळी नेणे दुसरे.

कऱ्हाडच्या धावपट्टीपासून सांगली आग्नेयेस, सुमारे ३५ सागरी मैल. विमानाचा वेग ताशी ९० आणि नैर्ऋत्येचा वारा ताशी २० सागरी मैल धरला, तर नाक सरळ सांगलीकडे रोखणारा तेवीस मिनिटांत सुमारे १४ किलोमीटर ईशान्येस भरकटेल.

यासाठी वैमानिकाजवळ हातगणकाची पारदर्शक चकती असते. ती वाऱ्याच्या दिशेवर फिरवून त्याच्या वेगाचा ठिपका पेन्सिलीने द्यायचा. मग मार्गाची दिशा लावून ठिपका ९० च्या कमानीवर सरकवायचा. मध्यबिंदूखाली भूवेग मिळतो, ८८. ठिपक्यापाशी कोन, १३ अंश. तेवढे नाक उजवीकडे, वाऱ्याच्या अंगाला वळवायचे. वेगातील तूट किरकोळच. घात करतो तो कोन.