घाटावरचा पाहुणा, दर्याकाठचा दस्तरखान

कोकणातल्या मुस्लिम घरात खास पाहुणा यायचा असला की पहिला विचार मासळीचा होतो. सुरमई मिळेल का, कोळंबी मोठी आहे का, चिंबोऱ्या भरलेल्या आहेत का, अशी चौकशी आदल्या दिवसापासून सुरू होते. पूर्वी सोयरिकी बहुधा कोकणातल्या कोकणातच होत. दापोलीची मुलगी खेडला, मुरूडची श्रीवर्धनला. त्यामुळे पाहुणाही मासे खाणारा आणि यजमानही मासे खाणारा, असा मेळ आपोआप बसे. आता शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने सोलापूर, बीड, लातूर, नागपूरकडच्या घरांशी नाती जुळत आहेत. लग्न ठरते, घाटावरची मंडळी पहिल्यांदा जेवायला येतात, समोर पाच-सहा प्रकारची मासळी मांडली जाते आणि पाहुणा भातावर घ्यायला डाळ शोधत बसतो.

यजमानीणबाई हिरमुसतात, पाहुणे ओशाळतात. ते निघून गेल्यावर एका घरात म्हणतात, ‘भारी नखरेल माणसे’. दुसऱ्या घरात म्हणतात, ‘आम्हाला काय चालते ते विचारलेसुद्धा नाही.’ पहिल्याच जेवणात बसलेली ही गाठ पुढे सोडवायला लागते ती बिचाऱ्या नव्या सुनेला. म्हणून मासे न खाणाऱ्या, किंवा खाताना नाक मुरडणाऱ्या पाहुण्यासाठी मासळीचे जेवण कसे करावे, हा केवळ चवीचा प्रश्न नाही. थोडा विचार केला तर हे जेवण उत्तम जमू शकते.

नकार म्हणजे अपमान नव्हे

पाहुण्याचा आदर करणे हा ईमानचा भाग आहे, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले आहे. हजरत इब्राहीम (अ.) यांच्याकडे अनोळखी पाहुणे आले तेव्हा ते गाजावाजा न करता हळूच घरच्यांकडे गेले आणि भाजलेले वासरू घेऊन आले, हा प्रसंग कुरआनात आहे. पाहुण्यांचे हात जेवणाकडे जात नाहीत हे पाहून ते मनातून धास्तावले, असेही तिथे सांगितले आहे. पाहुणा जेवत नाही तेव्हा यजमानाच्या पोटात कालवाकालव होते, ती इतकी जुनी आहे.

आपल्या विषयाला अगदी लागू पडणारा दुसरा एक प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आला आहे. हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी प्रेषितांसमोर ‘दब्ब’ या वाळवंटी प्राण्याचे भाजलेले मांस ठेवले गेले. त्यांनी हात पुढे केला तेव्हा तिथल्या स्त्रियांपैकी एकीने सुचवले, की समोर काय ठेवले आहे ते त्यांना सांगा. कळल्यावर त्यांनी हात मागे घेतला. हे हराम आहे का, असे हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले. प्रेषितांनी सांगितले की तसे नाही. हे माझ्या लोकांच्या मुलखात मिळत नाही, म्हणून मन घेत नाही. मग खालिद (रजि.) यांनी ते आपल्याकडे ओढून खाल्ले आणि प्रेषित पाहत राहिले.

या एका प्रसंगात मेहमाननवाजीचे तीन धडे आहेत. ताटात काय आहे हे पाहुण्याला आधी सांगावे. सवयीचा नसलेला पदार्थ त्याने नाकारला तर वाईट वाटून घेऊ नये. आणि ज्याला आवडतो त्याने तो तिथेच खुशाल खावा. घाटावरच्या पाहुण्याची अडचणही बहुधा हीच असते. खाऱ्या पाण्यातली मासळी त्याच्या मुलखातली नाही. जायकवाडी किंवा उजनी धरणाच्या आसपास राहणाऱ्यांना रोहू, कटला, मरळ, चिलापी यांची सवय असते. पण समुद्राच्या मासळीचा वास, खारटपणा आणि आपला आंबट-तिखट रस्सा त्यांना नवा असतो.

‘नखऱ्या’मागची कारणे ओळखा

मासे नको म्हणणारा प्रत्येक पाहुणा एकाच कारणाने नको म्हणत नाही. चार कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

पहिले कारण वासाचे. ताज्या मासळीला समुद्रासारखा हलका वास असतो. उग्र वास येतो तो शिळेपणाचा किंवा नीट साफ न केल्याचा. यावर इलाज आपल्या हातात आहे.

दुसरे कारण काट्याचे. लहानपणापासून कर्ली आणि पाला खाणारे आपण जिभेनेच काटा वेगळा करतो. ज्याला ही सवय नाही तो प्रत्येक घास भीतभीत गिळतो आणि बोलणे थांबवून ताटात बोटाने चाचपत राहतो. मुले आणि वयस्कर मंडळी असतील तर ही भीती खरीच असते.

तिसरे कारण फिक्हचे, आणि ते अनेकदा आपल्या लक्षातच येत नाही. कोकणी मुस्लिम बहुतांशी शाफई आहेत. अरबस्तानाशी असलेल्या जुन्या सागरी व्यापाराची ती खूण मानली जाते. देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात बहुतेक घरे हनफी आहेत. मासा दोघांनाही हलाल आहे आणि त्याला जबह करावे लागत नाही, यात मतभेद नाही. पण समुद्रातले बाकीचे जीव शाफई मतानुसार साधारणपणे हलाल आहेत, तर हनफी मतानुसार समुद्रातला फक्त मासाच खाता येतो. म्हणजे चिंबोरी, तिसऱ्या, कालवे, माकुल हे आपले मानाचे पदार्थ हनफी पाहुण्याला चालत नाहीत. कोळंबीबाबत हनफी उलमांमध्येच दोन मते आहेत. काही तिला माशात धरून जायज म्हणतात, काही टाळायला सांगतात. त्यामुळे काही हनफी घरांत कोळंबी आवडीने खातात, काही घरांत ती शिजतच नाही. असा पाहुणा कोळंबीच्या पुलावाला हात लावत नसेल तर तो नखरा नव्हे, ती त्याची दीनदारी आहे. त्याच्यापुढे वाद घालणे किंवा ‘आमच्याकडे सगळे खातात’ म्हणणे शोभत नाही.

चौथे कारण तब्येतीचे. काहींना कोळंबी, खेकडे किंवा माशांची अ‍ॅलर्जी असते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वासही कोंडतो. ‘थोडेसे खाल्ल्याने काय होते’ असा आग्रह इथे जिवावर बेतू शकतो.

आधी फोन, मग बाजार

म्हणून पहिले काम चुलीपाशी नाही, फोनवर आहे. नुसते ‘तुम्हाला मासे चालतात ना?’ असे विचारले तर पाहुणा संकोचाने ‘हो, सगळे चालते’ असेच म्हणणार. त्यापेक्षा घरातल्या स्त्रीने पलीकडच्या घरातल्या स्त्रीशी मोकळेपणाने बोलावे. ‘भाभीजान, आम्ही दर्याकाठची माणसे, आमचा हात आधी मासळीकडेच जातो. तुमच्याकडे कोणती मच्छी खातात? कोळंबी चालते का? कोणाला काही त्रास होतो का? मुलांना काट्याची भीती आहे का?’ असे विचारले की उत्तरे खरी मिळतात आणि विचारपूस केल्याचा आनंदही होतो.

आपल्या स्वयंपाकातली एक गोष्ट इथे आवर्जून सांगायला हवी. सोडे, सुकट, जवळा हे आपण वांग्यात, बटाट्यात, भातातही घालतो आणि त्याला ‘भाजी’च म्हणतो. ही सुकी मासळी बहुतेक कोळंबीच्या जातीचीच असते. हनफी किंवा अ‍ॅलर्जी असलेला पाहुणा भाजी समजून ते खाईल. त्या दिवशी भाजीत सुकी मासळी घालूच नये.

कोणती मासळी घ्यावी

नवख्या पाहुण्यासाठी मोठी, कमी काट्याची मासळी घ्यावी. सुरमई, रावस, हलवा, पापलेट, घोळ आणि रायगडकडचा जिताडा या उत्तम. सुरमई घेतली तर कोळीणबाईंना सांगून पोटाच्या मागच्या, शेपटीकडच्या भागाच्या तुकड्या पाहुण्यासाठी वेगळ्या काढून घ्याव्यात. पोटाकडच्या तुकड्यांत बरगड्यांचे काटे असतात; मागच्या तुकड्यांत मुख्यतः मधला कणाच असतो. डोके आणि पोटाकडचे तुकडे घरच्यांच्या कालवणाला ठेवावेत. कर्ली, पाला, भिंग, तारली ही काटेरी मासळी कितीही चविष्ट असली तरी त्या दिवशी आणू नये.

मासळीचे डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, अंग घट्ट असावे. बोटाने दाबल्यावर खळगा राहू नये. विकत घेतल्यापासून शिजेपर्यंत ती बर्फात किंवा फ्रिजमध्येच हवी. सुरमई, बांगडा, कुपा अशी मासळी उन्हात राहिली तर तिच्यात हिस्टामिन हा घटक वाढतो. खाल्ल्यावर तोंड लाल होणे, अंगाला खाज, डोके दुखणे असा त्रास होतो आणि शिजवल्याने तो घटक नाहीसा होत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत दावत असेल तर मासळीचा हट्ट न धरता मटण किंवा कोंबडीच करावी.

वास घालवण्यासाठी कल्ले, आतडी आणि कण्यालगतचे काळे रक्त पूर्ण काढावे. तुकड्यांना मीठ आणि थोडे बेसन चोळून दहा मिनिटांनी धुवावे, मग हळद आणि लिंबू किंवा कोकमाचे आगळ लावावे. आंबटाने मासळीचा उग्र वास मारला जातो. साफसफाईचा कचरा लगेच घराबाहेर टाकावा आणि शिजवताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

दोन पदार्थ, सहा माणसांसाठी

खूप प्रकार करण्यापेक्षा एक तळलेला आणि एक सौम्य सालनाचा प्रकार पुरेसा आहे.

सुरमईची तळलेली तुकडी: बोटभर जाडीच्या ८-१० तुकड्यांना मीठ, अर्धा चमचा हळद, एक मोठा चमचा आले-लसणाचे वाटण, दोन चमचे लाल तिखट आणि एका लिंबाचा रस लावून २० ते ३० मिनिटे ठेवावे. यापेक्षा जास्त वेळ आंबटात ठेवल्यास मांस भुसभुशीत होते. अर्धी वाटी तांदळाचे पीठ आणि अर्धी वाटी बारीक रवा एकत्र करून त्यात तुकड्या घोळवाव्यात. तव्यावर मध्यम आचेवर प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटे तळावी आणि एकदाच उलटावी. पाहुणे बसल्यावरच तळावे. गार झालेल्या तुकडीला वास सुटतो. कोळंबी किंवा चिंबोरी ज्या तेलात तळली त्या तेलात या तुकड्या तळू नयेत.

नारळाच्या दुधातले सालन: एका नारळाचे एक वाटी दाट आणि दोन वाट्या पातळ दूध काढावे. बिया काढलेल्या सहा बेडगी मिरच्या, एक मोठा चमचा धणे, अर्धा चमचा जिरे, सहा-सात लसूण पाकळ्या आणि अर्धा चमचा हळद बारीक वाटावी. तीन चमचे तेलात एक मोठा कांदा सोनेरी परतून त्यात हे वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. मटणाच्या चवीची सवय असलेल्या पाहुण्यासाठी चिमूटभर गरम मसाला घालावा. तिरफळ मात्र टाळावे, तो वास नवख्याला झेपत नाही. पातळ दूध, मीठ आणि चार-पाच आमसुले घालून उकळी आली की पाऊण किलो रावस किंवा हलव्याचे तुकडे सोडावेत. पळी न घालता भांडेच हलकेच हलवावे. सहा-सात मिनिटांनी आच अगदी मंद करून दाट दूध घालावे. ते उकळू देऊ नये, नाहीतर फाटते. पाच मिनिटांनी उतरवून थोडा वेळ झाकून ठेवावे.

मासळीशिवायचा एक पूर्ण पदार्थ

दस्तरखानावर मासळी नसलेला एक पदार्थ हवाच, आणि तो शेवटच्या क्षणी केलेल्या ऑम्लेटसारखा नको. खट्टी दाल आणि शामी कबाब, किंवा साधे मटणाचे सालन आधीपासून बेतात धरावे आणि मासळीइतक्याच मानाने मध्यभागी ठेवावे. तांदळाच्या भाकरीबरोबर गव्हाच्या चपात्याही असाव्यात.

जेवण मांडताना कशात काय आहे ते सहज सांगावे: ‘ही सुरमई, यात एकच मधला काटा आहे, त्या भांड्यात कोळंबी आहे.’ मुलांच्या ताटातला काटा वाढण्याआधीच काढावा. काट्यासाठी प्रत्येकाजवळ छोटी बशी ठेवावी, म्हणजे कोणाला चोरटे वाटत नाही. काटा घशात अडकलाच तर सुक्या भाताचे गोळे किंवा केळे गिळायला लावू नये. त्याने काटा आणखी खोल रुतू शकतो. त्रास थांबत नसेल तर डॉक्टरांकडेच जावे.

आणि आग्रह एकदाच करावा. पाहुण्याने छोटा तुकडा चाखला आणि पुढे डाळ-भात घेतला तर त्याकडे लक्ष वेधू नये. घरच्यांनी आपली मासळी चवीने खावी.

पाहुण्यावरही एक जबाबदारी आहेच. प्रेषितांनी अन्नाला कधी नावे ठेवली नाहीत. आवडले तर खाल्ले, नाही तर सोडले, असे हदीसमध्ये आले आहे. ‘कसला वास येतोय’ असे न म्हणता ‘मला याची सवय नाही, पण कबाब फार छान झालेत’ असे म्हटले तरी यजमानाचे मन राहते.

पुढे सून माहेरी येते तेव्हा घाटावरचे जावईही येतात. पहिल्या खेपेला कोणी जबरदस्ती केलेली नसते, म्हणून दुसऱ्या खेपेला ते सुरमईची आणखी एक तुकडी स्वतःहून मागतात. नाही मागितली तरी खट्टी दाल घरात असतेच.