गोल्डफिश: रंगावरून नव्हे, शरीररचनेवरून निवड

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये पाळीव झालेल्या कॅरॅशियस ऑराटस या एकाच प्रजातीतून गोल्डफिशचे सर्व वाण निवड पद्धतीने विकसित झाले. बाजारात ते रंगावरून ओळखले जातात. संगोपनासाठी मात्र शेपटी आणि पाठीवरील पर पाहणे आवश्यक ठरते.

एकेरी शेपटीचे कॉमेट व शुबुंकिन सडपातळ, चपळ आणि काटक असतात. दुहेरी शेपटीचे ओरँडा व ब्लॅक मूर गोलाकार आणि संथ. पाठीवर पर नसलेले रांचू, लायनहेड व बबल आय त्याहूनही मंद. बबल आयच्या डोळ्यांखालील द्रवाच्या पिशव्या टोकदार दगडाने फाटतात, म्हणून त्याच्या टाकीत सजावट नकोच. हे गट एकत्र ठेवल्यास कॉमेट खाद्य फस्त करतो, महागडा रांचू उपाशी राहतो.

गोल्डफिशला जठर नसल्याने खाद्य थोडे थोडे, विभागून द्यावे. न खाल्लेले खाद्य कुजून पाण्यात अमोनिया वाढतो.

डासांच्या अळ्या हे उत्तम जिवंत खाद्य; परंतु मासे असलेल्या तळ्यातून आणल्यास सोबत आर्गुलस येऊ शकतो. त्याला ‘माशांची ऊ’ म्हणत असले तरी तो कीटक नसून कवचधारी परजीवी आहे. तो टाकीच्या भिंतींवर व दगडांवर अंडी घालतो. त्यामुळे केवळ माशांवर उपचार पुरत नाहीत. टाकी रिकामी करून, घासून कडक उन्हात वाळवावी लागते.