छातीवरच्या बॅजमधला उजेड

एक्स-रे काढणाऱ्या आम्हा टेक्निशियनांच्या छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत, एक बॅज असतो. एप्रन उतरवला की तो दिसतो आणि रत्नागिरीतले पेशंट हमखास विचारतात, "ताई, हा पास कसला?" घाईत मी "किरणं मोजायचा" एवढंच सांगते. पण त्यातली गंमत सावकाश सांगण्याजोगी आहे.

बॅजच्या आत धातूच्या पट्टीवर सुमारे १३ मिलिमीटर व्यासाच्या तीन पांढऱ्या चकत्या असतात. टेफ्लॉनमध्ये कॅल्शियम सल्फेटची पूड आणि त्या पुडीत किंचित डिस्प्रोसियम. शेजारच्या खोलीत मोडक्या हाताला जे प्लास्टर घालतात, ते याच कुळातलं. क्ष-किरण पडले की स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागचे उठतात. बरेचसे लगेच परततात, काही मात्र स्फटिकातल्या उणिवांमध्ये अडकून बसतात.

हे समजायला आमच्या जांभ्याच्या सड्यावर जावं. पाऊस सरला की उथळ खळग्यांतलं पाणी ऊन पडताच आटतं, खोल खळग्यांतलं राहतं. स्फटिकातही उथळ अडकलेले इलेक्ट्रॉन खोलीच्या उष्णतेनंच सुटतात, खोल अडकलेले थांबतात. बॅजमधल्या मोजणीच्या कामाच्या जागा रिकाम्या व्हायला साधारण २२० अंश सेल्सिअस लागतात. मे महिन्यात इथं जीव नकोसा होतो, तरी पारा तिशीच्या घरातच असतो. म्हणून तीन महिन्यांची नोंद जवळजवळ शाबूत राहते.

मग बॅज प्रयोगशाळेत जातो. तिथं गरम नायट्रोजनचा झोत चकतीवर सोडतात. इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांची ऊर्जा डिस्प्रोसियमला मिळते आणि चकती निळसर-पिवळा उजेड देते. तो यंत्र मोजतं. जितका उजेड, तितकी किरणं अंगावर आली. भाभा अणुसंशोधन केंद्रानं विकसित केलेला हा बॅज १९७५ पासून देशात वापरात आला. आधी फिल्मचे बॅज असत, आणि फिल्मला उष्मा नि दमट हवा सोसत नाही. कोकणासाठी हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

उष्णतेनं बाहेर पडणारा हा उजेड माणसाला जुन्या काळापासून ठाऊक आहे. १६६३ मध्ये रॉबर्ट बॉइलनं अंथरुणात एक हिरा अंगाशी धरून ऊब दिली, तो अंधारात मंद चमकला, आणि ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं गेलं.

किरण पडताक्षणी उजळणाऱ्या स्फटिकांची गोष्ट मात्र उलटी: उष्णतेनं त्यांचा उजेड घटू शकतो. अनेक डिजिटल एक्स-रे प्लेटमध्ये थॅलियम मिसळलेलं सीझियम आयोडाइड असतं; त्याच्या उजेडावरूनच चित्र तयार होतं. अशा स्फटिकात अणू उजळायच्या बेतात असतो. पण स्फटिक तापलेला असला तर भोवतीचे अणू जोरानं थरथरतात आणि ती ऊर्जा थरथरीतच जिरते. प्रकाशाऐवजी थोडी उष्णता वाढते, एवढंच. याचं प्रमाण स्फटिकागणिक वेगळं. खोलीच्या तापमानाला थॅलियम मिसळलेल्या सीझियम आयोडाइडला फारसा फरक पडत नाही. बिस्मथ जर्मेनेटचा उजेड मात्र दर अंशामागे सुमारे एक टक्का उतरतो, लेड टंग्स्टेटचा दोन टक्के. जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या सीएमएस प्रयोगात, ज्यात भाभा केंद्र आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थाही आहेत, लेड टंग्स्टेटचे ७५,८४८ स्फटिक १८ अंशांवर ठेवतात आणि अंशाच्या विसाव्या भागाइतकाही फरक पडू देत नाहीत.

आमच्या भागातून थायरॉइडसाठी परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला जाणारे कितीतरी पेशंट असतात. तिथल्यासारख्या विभागांतल्या गॅमा कॅमेऱ्यातही असाच उजळणारा स्फटिक असतो, बहुधा थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचा. खोलीचं तापमान झपकन बदललं तर तो मोठा स्फटिक चक्क तडकू शकतो. तिथला एसी रात्रीही का चालू, याचं हे उत्तर.

एक गोष्ट मला सहन होत नाही. बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून काम करणारे लोक मी पाहते. एक बॅज किरणांपासून दूर ठेवायचाच असतो. तो कंट्रोल बॅज, निसर्गातल्या किरणांचा हिस्सा वजा करायला. बाकीचे अंगावरच हवेत. आपली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि ती ओलांडली की नाही हे त्या तीन चकत्यांखेरीज सांगणारं कुणी नाही. नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी बजावते: बॅज छातीवर, एप्रनच्या आत, आणि घरी जाताना तो तापलेल्या गाडीत नाही, कंट्रोल बॅजशेजारी ठेवायचा.