यंत्राच्या किमतीपलीकडचा हिशेब

जालन्याच्या जुन्या शहरातल्या मस्तगडापासून काही किलोमीटरच्या परिघात आज जीवशास्त्राशी संबंध असलेल्या चार मोठ्या संस्था आहेत. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या महिकोचे संशोधन केंद्र, श्री गणपती नेत्रालय, २०१८ मध्ये आलेला रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. या प्रत्येक संस्थेला उद्या शीतसाठवणूक, सूक्ष्मदर्शक, पेशी मोजणारी यंत्रे लागतील, आणि प्रत्येक जण स्वतंत्र प्रस्ताव लिहील. माझे म्हणणे असे, की जालन्याने चार अर्धवट प्रयोगशाळांऐवजी एकच सामायिक सुविधा मागावी, आणि तिच्या अंदाजपत्रकात माणसांचा व देखभालीचा खर्च यंत्रखरेदीच्या आधी लिहावा.

सामायिक सुविधा म्हणजे काय, हे महाराष्ट्राला नव्याने शिकवावे लागत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा वाल्देमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या जागेत लस तयार करत होते. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली आणि पुढची सव्वाशे वर्षे लस, सर्पविषावरचे प्रतिविष, निदान यांसाठी सारे राज्य तिच्याकडे पाहत राहिले. पण मला याहून बोलके उदाहरण पुण्याचे वाटते. १९८६ मध्ये तिथे प्राण्यांच्या ऊती व पेशींच्या संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा स्थापन झाली. तिचेच पुढे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, झाले. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीवाण (सेल लाइन) पुरवणे हे तिचे मूळ काम. वरवर हे कोठाराचे काम दिसते. प्रत्यक्षात पेशीवाण जिवंत ठेवणे, त्यात दुसऱ्या पेशींची भेसळ झालेली नाही हे तपासणे, मायकोप्लाझ्मा या जिवाणूंचा संसर्ग शोधणे, नोंद ठेवणे आणि मागेल त्याला पोचवणे, हे सारे वर्षानुवर्षे न चुकता करावे लागते. त्यात एका वर्षाचा खंड पडला, तर दुसऱ्या गावातल्या संशोधकाचे निष्कर्षच डळमळतात. त्या सुविधेचे मोल तिथल्या शीतपात्रांत नाही. ते रोज त्यांची निगा राखणाऱ्या प्रशिक्षित माणसांत आहे.

आपल्याकडे पैसा मात्र उलट्या क्रमाने येतो. अनुदान भांडवली खर्चासाठी मिळते, मार्चअखेर ते संपवायचे असते, म्हणून यंत्र घाईने येते. हमीचा काळ संपला की वार्षिक देखभाल कराराचा प्रश्न उभा राहतो. गुंतागुंतीच्या यंत्रांसाठी हा करार दरवर्षी किमतीच्या साधारण पाच ते दहा टक्के असतो, म्हणजे दहा वर्षांत यंत्राच्या निम्म्यापासून पूर्ण किमतीइतका. ही रक्कम कोणत्याच लेखाशीर्षात नसते, आणि तंत्रज्ञ अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९८२ पासून सामायिक उपकरणांसाठी स्वतंत्र अनुदान दिले. त्यात किमान तीन प्रमुख वापरकर्ते आधी दाखवावे लागतात आणि यंत्र चालवण्याची, सांभाळण्याची लेखी हमी संस्थेने द्यावी लागते. ही अट आपण जशीच्या तशी घ्यावी. जालन्यात तीन संस्थांच्या सह्या मिळत नसतील, तर ते यंत्र जालन्याला लागत नाही, असे समजायला हरकत नाही.

पुणे जेमतेम तीनशे किलोमीटरवर असताना जालन्यात वेगळे काही कशाला, हा आक्षेप रास्त आहे आणि निम्मा मान्य करण्याजोगा आहे. वाळवलेली भुकटी, काढलेला डीएनए, मेणात बसवलेली ऊती पाठवता येते. आयआयटी मुंबईच्या विश्लेषक उपकरण केंद्रात बाहेरचे नमुने ठरलेल्या दराने तपासले जातात, आणि देशभरातल्या यंत्रांची यादी २०२० पासून आय-स्टेम या पोर्टलवर आहे. कोट्यवधींचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक जालन्यात आणणे म्हणजे उधळपट्टीच. पण रक्तातल्या जिवंत पेशी वाट पाहत नाहीत. त्या वेगळ्या करून मोजायच्या किंवा गोठवायच्या, तर ते काम रुग्णाजवळच, काही तासांत व्हावे लागते. तपासणी रुग्णाजवळ असण्याचे मोल करोनानेही दाखवून दिले: जानेवारी २०२० मध्ये नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जात होते, आणि जूनअखेर देशात हजारावर प्रयोगशाळा तपासणी करत होत्या. हा विस्तार शक्य झाला, कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०१३-१४ पासून विषाणू प्रयोगशाळांचे जाळे विणायला सुरुवात केली होती.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे, आणि तो जालन्याच्याच मातीतून येतो. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या ग्रामीण भागात विंचूदंशाचे रुग्ण तपासत तपासत प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. १९८२ आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचे लेखन छापले. मग महागडी यंत्रे हवीतच कशाला? अशी निरीक्षणशक्ती कोणत्याही अनुदानातून विकत मिळत नाही, हे खरेच. तरीही २०११ मध्ये त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्राझोसिन एकटे आणि प्राझोसिनसोबत प्रतिविष यांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा ते प्रतिविष हाफकिन यांच्याच नावाच्या संस्थेत तयार झालेले होते. खाटेशेजारच्या वैद्याचा प्रश्न आणि दूरच्या सामायिक संस्थेचे द्रव्य एकत्र आले, म्हणून उत्तर पक्के झाले.

जालन्याच्या आराखड्यात स्थानिक वास्तव उतरायला हवे. हे पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांचे शहर आहे. त्यांच्यामुळे विजेचा दाब हलू शकतो, म्हणून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरांसाठी स्वतंत्र वीजवाहिनी आणि जनित्र यांची तरतूद पहिल्या दिवशीच करावी. द्रवरूप नायट्रोजनची मात्र चिंता कमी, कारण गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पशुसंवर्धन विभाग तो गावोगावी पोचवतोच. त्या वाहतुकीला जोडून घेता येईल. दराबाबत मी ठाम आहे: फुकट सेवा देऊ नये. फुकट ठेवले की वेळ राखून न येणारे वाढतात आणि देखभालीला काही उरत नाही. विद्यार्थ्याला अत्यल्प दर, सरकारी संस्थेला प्रत्यक्ष खर्च, कंपनीला त्याहून जास्त, आणि तिन्ही दर दारावर लावलेले असावेत. एवढ्याने पगार निघणार नाहीत, म्हणून दोन तंत्रज्ञांची कायम पदे राज्याने मंजूर करावीत. त्यांच्या पदोन्नतीत यंत्र किती तास चालले आणि बाहेरच्या किती संस्थांनी वापरले, याला शोधनिबंधाइतकेच वजन द्यावे.