प्रदर्शनाचा तंबू घेताना आधी वजन पाहा, कापड नंतर

दिवाळीच्या आगेमागे हस्तकलेच्या प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो आणि तो थेट उन्हाळ्यापर्यंत चालतो. विणकर, चपला बनविणारे, लाकडी खेळणी करणारे, बिदरी कारागीर, चादरी व सतरंज्यांचे व्यापारी आपापला माल घेऊन शहरोशहरी फिरतात. मुंबईचे महालक्ष्मी सरस किंवा हरियाणातील सूरजकुंडचा मेळा अशा मोठ्या ठिकाणी आयोजकच गाळे उभे करून देतात. दिल्ली हाटमध्ये तर १९९४ पासून पक्के गाळेच आहेत. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येतात ती लहान प्रदर्शने. शाळेचे पटांगण, सोसायटीचे मैदान, तालुक्याच्या गावातील मोकळी जागा, चुन्याने आखलेला दहा बाय दहा फुटांचा चौकोन आणि अर्जावर एक ओळ: तंबू आपला आपण आणावा.

आता या दहा बाय दहाच्या चौकोनात कारागिराचा चार-सहा महिन्यांचा माल असतो. त्यातला निम्मा बहुधा उधारीच्या सुतावर किंवा कर्जाच्या पैशावर तयार झालेला असतो. त्यावर जे छत धरायचे त्याची खरेदी मात्र आमचे लोक छत्री विकत घ्यावी तशी करतात. रंग पाहिला, भाव केला, घेतला. सबब या विषयावर चार गोष्टी लिहिणे आम्हांस जरूर वाटले.

आम्ही कापडाचे व्यापारी. तेव्हा वाचकांना वाटेल की आम्ही कापडापासूनच सुरुवात करू. पण तंबूच्या बाबतीत कापडाचा नंबर तिसरा लागतो. पहिला नंबर वजनाचा, दुसरा सांगाड्याचा.

याचे कारण वारा. पाऊस दिसतो, त्याची तयारी माणूस करतो. वारा दिसत नाही, आणि बाजारातून आणलेला घडीचा तंबू पडतो तो वाऱ्याने. हिशेब साधा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर साधारण पावणेआठ किलोचा दाब टाकतो. तंबूच्या एका बाजूची कनात दहा फूट लांब व साडेसहा फूट उंच धरली तर तिचे क्षेत्र सहा चौरस मीटर होते. म्हणजे त्या एका कनातीवर ४५ किलोचा धक्का आला. वारा ताशी ६० किलोमीटर झाला की हाच धक्का १०० किलोच्या वर जातो, कारण वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. तंबूचे स्वतःचे वजन किती? पंधरा ते पस्तीस किलो. मग तो उभा कशाच्या जोरावर राहणार?

शिवाय तीन बाजू कनातींनी बंद आणि पुढची बाजू गिऱ्हाइकांसाठी उघडी, अशी आपली मांडणी असते. वारा समोरून आत शिरला की त्याला बाहेर पडायला वाट नसते, तो छताला खालून उचलतो. मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतर जे वळवाचे वारे सुटतात ते आधी धूळ उडवतात आणि पाच मिनिटांत तंबू उचलतात.

एका जिल्ह्याच्या गावी मार्च महिन्यात आम्ही असे घडताना पाहिले. आमच्या ओळीत दोन गाळे सोडून कृत्रिम दागिन्यांचा एक तंबू होता. खाली डांबर होते, खुंटी मारायची सोय नव्हती, म्हणून मालकाने चार पायांना चार विटा बांधल्या होत्या. संध्याकाळी एकच झोत आला. तो तंबू उलटा होऊन शेजारच्या मातीच्या भांड्यांच्या गाळ्यावर पडला. माणसे वाचली, अल्लाहची मेहेरबानी. पण त्या कुंभारबाईंच्या सुरया, कुंड्या, पणत्या यांचा चुरा झाला. त्या आयोजकांकडे गेल्या तेव्हा त्यांना अर्जाच्या मागची बारीक अक्षरातली अट दाखविण्यात आली, की नुकसानीस आयोजक जबाबदार नाहीत. तंबूवाला म्हणाला, वारा काय माझ्या हातात आहे? वारा नव्हता हे खरे, पण विटा तर त्याच्याच हातात होत्या. आपला तंबू उडाला तर नुकसान आपल्या मालापुरते राहत नाही, शेजाऱ्याचा माल आणि रस्त्याने जाणाऱ्याचे डोकेही त्यात येते, हे तंबू घेणाऱ्याने समजून असावे.

तेव्हा प्रत्येक पायाला कमीत कमी वीस किलो वजन पाहिजे. उघड्या मैदानावर तीस असेल तर उत्तम. यासाठी बाजारातील महागड्या पिशव्यांची गरज नाही. रंगाची रिकामी वीस लिटरची बादली वाळूने भरली की सुमारे तीस किलो होते. तीच पाण्याने भरली तर वीसच किलो, आणि लवंडली तर शून्य. म्हणून वाळूच बरी. वजन नुसते पायाच्या तळाशी ठेवून भागत नाही. छताच्या कोपऱ्यातून, जिथे खांब आणि कैची मिळतात तिथून, एक मजबूत पट्टा खाली आणून बादलीच्या कडीला ताणून बांधावा आणि बादली पायालाही बांधावी, म्हणजे ती झोके घेणार नाही. हवेत लोंबकळणारे वजन वाऱ्यात घणासारखे हलते व आपलाच खांब वाकवते.

जमीन मातीची असेल व आयोजकांची परवानगी असेल तर लोखंडी खुंट्या आणि तणावे लावावेत. उर्दूत या दोरीला आम्ही तनाब म्हणतो, मराठीत तणावा. खुंटी दीड फुटाची असावी व तिचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेले असावे. तंबूबरोबर फुकट मिळणाऱ्या बोटभर सळ्या कुंडीतल्या रोपाला आधार देण्यापुरत्या ठीक आहेत. काळ्या मातीवर विसंबू नये. कोरडी असताना ती दगडासारखी वाटते, आणि एक सर पडली की खुंटी लोण्यातून निघावी तशी वर येते. दोरीचीही एक गोष्ट आहे. सुती व काथ्याची दोरी भिजली की आखडते, म्हणून जुने तंबूवाले पाऊस येताच तणावे थोडे सैल करीत. नायलॉनची दोरी उलट भिजल्यावर ताणते व ढिली पडते, तिला पावसात पुन्हा आवळावे लागते. पॉलिएस्टरचा पट्टा या दोघांपेक्षा चांगला.

सांगाडा कसा पाहावा

दुकानदार तंबू किलोत सांगतात. हा अठरा किलोचा, हा चोवीस किलोचा, हा तीस किलोचा. वजनावरून मजबुतीचा अंदाज येतो हे खरे, पण तेवढ्यावर सौदा करू नये. नळीची जाडी गेजमध्ये विचारा. वीस गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, अठरा गेज म्हणजे १.२, सोळा गेज म्हणजे १.६. नंबर जितका लहान तितका पत्रा जाड, इथे नवीन माणूस फसतो. प्रदर्शनासाठी अठरा गेजच्या खाली उतरू नये. पाय सरळ उभे असावेत. तिरप्या पायांच्या तंबूत जमिनीवर दहा बाय दहा मोजले तरी वर सावली त्याहून बरीच लहान पडते आणि पुढचा माल उन्हात राहतो.

पण सांगाडा मोडतो तो नळीत क्वचितच. तो मोडतो सांध्यात. चारही कोपऱ्यांचे जोड, खांबावर वरखाली सरकणारा खटका, कैचीच्या पट्ट्यांचे बोल्ट, हे सर्व हाताने चाचपून पाहा. प्लास्टिकचे जोड दोन हंगामांत उन्हाने ठिसूळ होतात. जोड धातूचे असावेत, निदान कोपऱ्यांचे तरी. दुकानातच तंबू पूर्ण उघडायला लावावा, एक खांब धरून जोराने हलवावा. समोरचा खांब किती डुलतो ते पाहिले की समजते. मग आपल्या हाताने तीन-चार वेळा उघडून मिटवावा. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, घालू द्या.

लोखंडी घ्यावा की ॲल्युमिनियमचा? ॲल्युमिनियम हलके व गंजत नाही. कोकणात खाऱ्या हवेत फिरणाऱ्याने तेच घ्यावे. पण घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात फिरणाऱ्याला आमचा सल्ला लोखंडाचा. कारण असे की लोखंडाची पट्टी वाकली तर कुठल्याही गावच्या वेल्डिंगवाल्याकडे तासाभरात सरळ होते. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग करणारा तालुक्यात सहजी सापडत नाही. दोन्हींत एक प्रश्न मात्र आधी विचारावा: सुट्या पट्ट्या, जोड आणि बोल्ट तुमच्याकडे वेगळे मिळतात काय? ज्याच्याकडे मिळत नाहीत त्याच्याकडून तंबू स्वस्तातही घेऊ नये. पक्के बिल घ्यावेच.

आता कापड. बाजारात ६०० डेनियर, ८०० डेनियर असे आकडे सर्रास सांगितले जातात. डेनियर म्हणजे ९,००० मीटर सुताचे ग्रॅममधील वजन. ते नुसत्या नजरेने कोणाला ओळखता येत नाही, आम्हांलाही नाही. पण तराजू खोटे बोलत नाही. ६०० डेनियरच्या लेप दिलेल्या पॉलिएस्टर कापडाचे वजन चौरस मीटरला साधारण सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम भरते. दहा बाय दहाच्या छताला उतार व झालर धरून तेरा-साडेतेरा चौरस मीटर कापड लागते. म्हणजे नुसते छत तीन किलोच्या आसपास भरले पाहिजे. छत उतरवून काट्यावर ठेवायला सांगा. दीड किलो भरले तर डेनियरची गोष्ट तिथेच संपली.

मग शिवण पाहा. चार कोपरे आणि मधले टोक या पाच ठिकाणी कापड घासते, तिथे दुहेरी ठिगळ असावे. शिवणीच्या आतून पट्टी चिकटवलेली असावी, कारण पाणी गळते ते सुईच्या भोकातून. जुन्या पद्धतीचे सुती कॅनव्हास वाईट नाही. ते भिजले की सूत फुगते व छिद्रे बंद होतात, आत हवाही थंड राहते. पण त्याचे ओझे मोठे, आणि ओले गुंडाळून ठेवले तर चार दिवसांत बुरशी धरते. प्लास्टिकची ताडपत्री फक्त अडीअडचणीला, टेम्पोत एक असू द्यावी.

रंगाबद्दल मात्र आम्ही कोणाचे ऐकणार नाही. छत पांढरेच घ्यावे. निळ्या छताखाली पिवळी साडी हिरवट दिसते, लाल छताखाली पांढरी चादर गुलाबी होते. गिऱ्हाईक साडी घेऊन तंबूबाहेर उजेडात जाते, खरा रंग पाहते, आणि मनात शंका घेऊन परत येते. कित्येकदा येतही नाही. मातीची भांडी किंवा चपला विकणाऱ्यालाही हेच लागू आहे. पांढरे लवकर मळते अशी तक्रार असते. मळलेले धुता येते.

सांगाड्याच्या आडव्या पट्ट्यांवर माल टांगण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. एक जाड चादर दीड-दोन किलोची धरली तर वीस चादरींचे तीस-चाळीस किलो झाले, आणि त्या पट्ट्या छताचे कापड ताणून धरण्यापुरत्याच केलेल्या असतात. मालासाठी वेगळा पाइपचा स्टँड असावा. विजेची वायर उघड्या सांध्याने सांगाड्याला गुंडाळू नये. खांब धातूचा असतो आणि गिऱ्हाईक त्यालाच हात लावून उभे राहते. पॉलिएस्टर पेटले तर वितळून ठिबकते, म्हणून चहाची शेगडीही तंबूबाहेर.

पावसात छताचा मधला भाग ताणलेला राहिला नाही तर कडेला खळगा पडतो. दहा चौरस फुटांच्या खळग्यात एक इंच पाणी साचले तर ते तेवीस-चोवीस किलो होते, आणि ओझे वाढले की खळगा खोल होत जातो. आतून काठीने कापड उचलून पाणी सारखे ढकलत राहावे. शेजारी शेजारी तंबू असतील तर दोन्ही छतांचे पाणी मधल्या फटीतून मालावर येते. तिथे ताडपत्रीची एक पन्हळ बांधावी आणि दोन्ही तंबूंचे खांब एकमेकांना बांधावेत.

तंबू कधी उतरवायचा हे आधीच ठरलेले असावे. लहान झाडे डोलू लागली की वाऱ्याचा वेग ताशी तीसच्या पुढे गेला असे समजावे. तेव्हा कनाती काढाव्यात आणि माल पेट्यांत भरायला घ्यावा. मोठ्या फांद्या हलू लागल्या, तारा शिट्टी घालू लागल्या की तो चाळीसपर्यंत आला. तोवर छत खाली आलेले असावे, गिऱ्हाईक समोर उभे असले तरी. विजा चमकत असतील तर धातूच्या सांगाड्याखाली थांबू नये, पक्क्या इमारतीत जावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप विजेची पूर्वसूचना मोबाइलवर देते, ते गाळ्यावरच्या मुलाच्या फोनमध्ये घालून ठेवावे.

वर्षाला तीन-चारच प्रदर्शने करणाऱ्याने तंबू विकत घेऊच नये. मंडपवाल्याकडून भाड्याने घ्यावा, किंवा दोघातिघांनी मिळून एक चांगला घ्यावा. सात-आठच्या पुढे गेलात तर स्वतःचा परवडतो. पाच-सात हजारांचा स्वस्त तंबू दरवर्षी घेण्यापेक्षा वीस-पंचवीस हजारांचा एकदा घेतलेला आम्हांला स्वस्त वाटतो. मात्र अर्ज भरण्यापूर्वी आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात. जमीन डांबरी आहे की मातीची, खुंटी मारू देता काय, आणि टेम्पो गाळ्यापर्यंत येतो काय.

टेम्पोचा प्रश्न यासाठी की वजने घरी राहतात ती भाड्याच्या भीतीने. चार बादल्या भरून नेल्या तर सव्वाशे किलोचे ओझे होते. त्या रिकाम्या न्याव्यात, एकात एक बसतात. वाळू त्याच गावातून घ्यावी. बांधकाम चालू असलेल्या ठिकाणी मालकाला विचारून चार बादल्या वाळू मिळते आणि प्रदर्शन संपल्यावर ती परत करता येते. सोबत फावडे मात्र आपले असावे.