सख्ख्या भावंडांमधल्या फरकावरून जनुकं कशी शोधतात?

"एकाच आईच्या हातचं खाल्लं, एकाच छताखाली वाढले, तरी थोरला सहा फूट आणि धाकटा साडेपाच कसा?" हा सवाल आपल्या घराघरांत विचारला जातो. कधी गंमत म्हणून, कधी टोमणा म्हणून. शास्त्रज्ञांनी मात्र याच सवालातून संशोधनाची एक पद्धत उभी केली. ती आपण समजून घ्यायला हवी. कारण "अमुक लोकांच्या रक्तातच शिक्षण नाही" असं कुणी विज्ञानाचं नाव घेऊन म्हणतं, तेव्हा त्याला उत्तर देण्याची ताकद याच पद्धतीत आहे.

मोजता येणारे गुण

थॅलेसेमियासारखा आजार एका जनुकातल्या बिघाडाने होतो. उंची, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांचं तसं नाही. हे गुण "आहे" किंवा "नाही" असे नसतात, ते मोजावे लागतात. त्यांच्यामागे डीएनएमधली शेकडो-हजारो ठिकाणं असतात आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर असतो. २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात उंचीशी जोडलेले १२ हजारांहून जास्त डीएनए-बदल सापडले. शिवाय खाणंपिणं, लहानपणचे आजार, घरची ऐपत यांचाही परिणाम होतोच.

मग घराचा परिणाम आणि जनुकांचा परिणाम वेगळा कसा करायचा? अनोळखी लोकांची तुलना केली तर फसगत होऊ शकते. समजा, एका शहरात हजार लोकांचा रक्तदाब मोजला. त्यातले निम्मे किनारपट्टीवरचे आहेत आणि त्यांच्या जेवणात खारवलेली मासळी जास्त आहे. याच लोकांत डीएनएची एखादी खूण पिढ्यानपिढ्या जास्त आढळत असेल, तर ती खूणच रक्तदाब वाढवते असं कागदावर दिसेल. दोष मिठाचा, नाव जनुकाचं!

भावंडंच का?

आपल्याकडे बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. एक अम्मीकडून आलेली, एक अब्बांकडून. आईवडिलांच्या स्वतःच्या दोन प्रतींपैकी कोणती मुलाकडे जाईल, ही निव्वळ नाणेफेक असते. म्हणून डीएनएच्या कुठल्याही एका ठिकाणी दोन सख्ख्या भावंडांना दोन्ही प्रती सारख्या मिळण्याची शक्यता २५ टक्के, एकच सारखी मिळण्याची ५० टक्के आणि एकही सारखी न मिळण्याची २५ टक्के असते.

घर तेच, खानदान तेच, चूल तीच. फरक पडतो तो या नाणेफेकीने. १९७२ साली हेसमन आणि एल्स्टन या संशोधकांनी याच गोष्टीचा उपयोग केला. भावंडांच्या अनेक जोड्या घ्यायच्या, प्रत्येक जोडीतला फरक मोजायचा आणि त्याचा वर्ग करायचा. मग डीएनएच्या एकेका ठिकाणी पाहायचं, की जास्त प्रती सारख्या असलेल्या जोड्यांमध्ये फरक कमी आहे का? तसं दिसलं, तर त्या ठिकाणाच्या आसपास त्या गुणावर परिणाम करणारं जनुक असण्याची शक्यता असते.

कोणत्या जोड्या घ्यायच्या?

इथे खरी आखणी येते. दोन्ही भाऊ मध्यम उंचीचे असतील तर त्यांच्याकडून फारसं कळत नाही. १९९५ साली नील रिश आणि हेपिंग झांग यांनी दाखवलं की एक भावंड सर्वांत वरच्या १० टक्क्यांत आणि दुसरं सर्वांत खालच्या १० टक्क्यांत असेल, तर ती जोडी फार मोलाची ठरते. अशा जोड्या विरळ असतात. म्हणून आधी हजारो घरांत मोजमाप करायचं आणि मग निवडक जोड्यांचीच डीएनए तपासणी करायची. मोजपट्टी स्वस्त, तपासणी महाग. पैसा असा वाचतो.

काळजीही घ्यावी लागते. वय आणि मुलगा-मुलगी हा फरक हिशोबात धरावा लागतो. बीपीची गोळी चालू असेल तर त्याची नोंद हवी. रक्तदाब एकदाच मोजून भागत नाही. हुबेहूब जुळ्यांचा डीएनए सारखाच असल्याने ती जोडी या कामाला चालत नाही. आईवडिलांचंही रक्त मिळालं तर कोणती प्रत कुणाकडून आली हे नीट कळतं.

या पद्धतीची मर्यादाही आहे. ती जनुकाचा मोहल्ला दाखवते, घर नंबर नाही. नेमकं जनुक शोधायला पुढे मोठे अभ्यास लागतात.

शिक्षणाचं काय?

मोठ्या अभ्यासांची खातरजमा करायला शास्त्रज्ञ पुन्हा भावंडांकडेच वळले. २०२२ साली सुमारे १ लाख ७८ हजार भावंडांची माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांच्या तुलनेत जनुकांचा जो परिणाम दिसत होता, तो एकाच घरातल्या भावंडांमध्ये पाहिल्यावर उंचीच्या बाबतीत थोडासाच कमी झाला. पण शिक्षणाच्या बाबतीत तो जवळपास निम्म्यावर आला. म्हणजे ज्याला जनुकांचा परिणाम म्हटलं जात होतं, त्यात घरचं वातावरण, आईवडिलांचं शिक्षण, लग्नं जुळवताना शिकलेल्याला शिकलेलाच जोडीदार पाहणं अशा गोष्टी मिसळलेल्या होत्या.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवू या. भावंडांचा अभ्यास एका घरातला फरक सांगतो. दोन समाजांतल्या फरकाचं कारण तो सांगत नाही. म्हणून मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की रक्ताकडे बोट दाखवण्याआधी शाळा किती दूर आहे, फी परवडते का, मुलीला दहावीनंतर पुढे पाठवलं का, हे विचारायला हवं.

आपल्या दारी संशोधक आले तर

असे बहुतेक मोठे अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेत. आपल्यासारख्या घरांचा सहभाग वाढला तर फायदा आपल्यालाही होईल. पण प्रत्येक भावंडाची संमती वेगळी घेतली पाहिजे. थोरल्याने हो म्हटलं म्हणून धाकट्या बहिणीने रक्त द्यावं असं नाही. नमुना कुठे राहील, नाव गुप्त राहील का, नात्यागोत्याबद्दल अनपेक्षित काही कळलं तर काय करणार, हे सही करण्याआधी विचारा. मध्येच माघार घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.