निळी कन्सोल केबल

साडेदहा वाजलेत. बंगळूरच्या चामराजपेटेतल्या एका शाळेच्या कार्यालयात फीची खिडकी अजून उघडलेली नाही. पालकांची रांग जिना उतरून फाटकापर्यंत गेली आहे. आत चार संगणक चालू आहेत, पण एकालाही सर्व्हर सापडत नाही. प्रिंटर गप्प, हजेरीचं यंत्रही गप्प. इंटरनेटवाल्यांचा माणूस येऊन ‘आमची लाइन ठीक आहे’ एवढं सांगून गेलाय, आणि त्याचं म्हणणं खरं आहे. बिघाड घरातलाच आहे.

जिन्याखालच्या खोलीत भिंतीला छोटा लोखंडी रॅक ठोकलाय. त्यात सगळे संगणक जोडणारा स्विच, सिस्कोचा २४ पोर्टांचा कॅटॅलिस्ट २९६०, बसवलाय. त्याचे सगळे हिरवे दिवे एका तालात लुकलुकताहेत. एरवी ज्या संगणकावर काम चालू असेल, त्याचा दिवा त्या कामाप्रमाणे लुकलुकतो. सगळे दिवे एकदम, न थांबता नाचायला लागले की माझ्या पोटात गोळा येतो.

भाची लॅपटॉप मांडीवर घेऊन स्टुलावर बसली आहे. ती बेळगावची, नेटवर्कच्या कामात नवीन. मी या धंद्यात उमेदीची वर्षं घालवली, पण आजचं काम तिचं आहे; मी बाजूला उभा राहून बघतोय. ती ब्राउझरमध्ये स्विचचा पत्ता टाकते. पान येत नाही. पिंग करते. टाइम-आउट.

“मामा, आत शिरताच येईना की.”

“नेटवर्कच बसलंय, तर नेटवर्कवरून कसं शिरणार? कन्सोल लाव.”

चामराजपेट ही १८९२ साली आखलेली वस्ती. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचं नाव हिला दिलेलं. जुन्या घरांना पुढून रस्ता आणि मागून सफाईची अरुंद गल्ली, म्हणजे पुढचा रस्ता तुंबला तरी मागच्या दाराने आत जाता येतं. स्विचचं कन्सोल पोर्ट हे तसंच मागचं दार. त्यातून नेटवर्कची वाहतूक जातच नाही. तिथे बसलेल्या माणसाला आयपी पत्ता लागत नाही, राउटर लागत नाही. केबल आणि पासवर्ड पुरतो. या मॉडेलला तर ते पोर्ट खरोखरच पाठीमागे आहे. भाची रॅकच्या फटीतून हात घालून, मोबाइलच्या उजेडात ते चाचपडते.

केबल तिने काल एसपी रोडवरून आणली आहे. फिकट निळी, चपटी. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला नेटवर्कच्या केबलला असतो तसाच आठ तारांचा प्लग. दिसायला सारखा असल्यामुळे पुष्कळ जण या पोर्टात साधी नेटवर्कची केबल खोचतात आणि पोर्ट गेलं म्हणतात. कन्सोलच्या जुन्या केबलमध्ये तारा उलट्या क्रमाने असतात, पहिली आठवीला, दुसरी सातवीला. आतून चालतं ते सिरियल, १९६० पासून चालत आलेल्या आरएस-२३२ च्या घराण्यातलं. आजच्या लॅपटॉपना सिरियल पोर्ट नसतं, म्हणून या केबलच्या यूएसबीच्या डोक्यात रूपांतर करणारी चिप बसवलेली असते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम ५ उमटतो. भाची पुट्टी हा टर्मिनलचा प्रोग्रॅम उघडते, सिरियल निवडते. काळ्या खिडकीत चौकोन, उलटे प्रश्नचिन्ह, तुटकी अक्षरं सांडतात.

“हे काय आलंय बघा की, मामा.”

“वेग किती टाकलायस?”

तिने १,१५,२०० टाकलाय. मागच्या कामातला दुसऱ्या कंपनीचा स्विच त्या वेगाने बोलत होता. हा ९६०० ने बोलतो. आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. ती बदलते. आता खिडकी नुसती काळी. ती माझ्याकडे बघते.

“एंटर दाब.”

दाबते, आणि स्विच पासवर्ड मागतो.

तो कुणाला ठाऊक? स्विच बसवणारा ठेकेदार केव्हाच गेला, मुख्याध्यापिकाबाई नव्या. पासवर्ड नसेल तर स्विचची वीज काढायची, पुढचं मोड बटण दाबून धरत पुन्हा वीज द्यायची, सेटिंगची फाइल बाजूला सारून तो चालू करायचा, असा लांबचा रस्ता आहे. तेवढ्यात दारात उभे असलेले म्हातारे कारकून कन्नडमध्ये काहीतरी विचारतात. भाची आपल्या बेळगावी कन्नडमध्ये उत्तर देते, ते ऐकून त्यांना हसू येतं. ते कपाटातून किल्ल्यांची नोंदवही काढतात. कोणत्या वर्गाची किल्ली कुठल्या खिळ्याला, ते त्यात ओळीने लिहिलंय. शेवटच्या पानावर एक लिफाफा चिकटवलाय. लिफाफ्यात कागद, कागदावर दोन पासवर्ड: एक आत येण्याचा, एक इनेबलचा, म्हणजे बदल करण्याच्या अधिकाराचा. मला त्या माणसाला नमस्कार करावासा वाटतो, आणि मी करतो.

भाची दोन्ही पासवर्ड टाकते. प्रॉम्प्टवरचं ‘पेक्षा मोठं’ चिन्ह जाऊन हॅश येतो. म्हणजे आता बदल करण्याचा अधिकार मिळाला. पण टाइप केलेलं अक्षर क्षणभराने उमटतंय, एवढा प्रोसेसर दमलाय. मध्येच पडद्यावर ओळी येऊन आदळतात: अमुक पत्त्याचं यंत्र ७ आणि १९ या पोर्टांमध्ये फडफडतंय. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तीच.

“एकच यंत्र दोन पोर्टांवर कसं?” ती विचारते. मग स्वतःच म्हणते, “लूप!”

लूपच. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. आयपीच्या पाकिटावर आकडा असतो, दर राउटरला तो एकाने कमी होतो, शून्य झाला की पाकीट टाकून देतात. फ्रेमवर तसलं काही नाही. सगळ्यांना उद्देशून सोडलेली एक फ्रेम वर्तुळात अडकली की फिरतच राहते, फिरताना तिच्या प्रती होतात, आणि थोड्याच वेळात सगळी वाट त्यांनीच भरून जाते.

भाची कॉन्फिगर टर्मिनल, मग पोर्ट १९, मग शटडाउन टाइप करते. एंटर.

दिवे शांत होतात. एकेक आपापल्या चालीवर येतो. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडतं, “आलं, आलं!” फीची खिडकी उघडल्याचा आवाज इथपर्यंत ऐकू येतो.

शिक्षकांच्या खोलीत कारण सापडतं. रंगकामासाठी टेबल हलवलं तेव्हा एक संगणक काढून ठेवला, आणि लोंबणारं केबलचं टोक कुणीतरी भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटात नीट बसवून ठेवलं. चांगल्या हेतूनेच. पण एवढ्याने स्विच कोसळायला नको होता. रॅडिया पर्लमन यांनी १९८५ साली स्पॅनिंग ट्रीची रीत काढली ती याच दुखण्यावर. वर्तुळ दिसलं की एक वाट स्विच आपणच मिटतो. या स्विचमध्ये ती मुळात चालूच असते.

भाची शो रनिंग-कॉन्फिग मारते आणि स्पेसबार दाबत खाली जाते. एका ओळीवर तिचं बोट थांबतं. ‘नो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १’. कुणीतरी हाताने बंद केलंय. का, त्याचा मला अंदाज आहे. स्पॅनिंग ट्री चालू असताना नवं पोर्ट १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं, मग वाहतूक सोडतं. सकाळी संगणकांना नेटवर्क उशिरा मिळतं, लोक कुरकुरतात, आणि कुणीतरी हे ब्रेकच काढून टाकतो. यावर पोर्टफास्ट, म्हणजे संगणकाच्या पोर्टाला ही वाट बघायला न लावणं, हा साधा, बरोबर इलाज असताना असं करणं मला अक्षम्य वाटतं.

ती स्पॅनिंग ट्री पुन्हा चालू करते, संगणकांच्या पोर्टांना पोर्टफास्ट आणि सोबत बीपीडीयू गार्ड लावते; अशा पोर्टावर स्पॅनिंग ट्रीचा निरोप आला तर हा गार्ड ते बंद करतो. स्विच इशारा देतो की दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टांवर हे नको. ते पोर्ट ती वगळते. मग मला म्हणते, “केबल तशीच ठेवा, मामा. बघूया.” पोर्ट १९ उघडते. लूपची चाहूल लागताच स्विच पोर्ट आपणहून बंद करतो आणि कारण पडद्यावर लिहितो. कार्यालयातलं काम चालूच आहे. आता कुठे ती हसते.

दुरून स्विचमध्ये शिरायची जुनी वाट, टेलनेट, तीही उघडी सापडते. तिच्यावरून पासवर्ड जसाच्या तसा तारेतून जातो. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात असेच पासवर्ड चोरीला गेल्यावर टाटू य्लोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं. ती टेलनेट बंद करून एसएसएच लावते, आणि राइट मेमरी. हे करायचं राहिलं तर सगळं चालू स्मृतीतच राहतं, आणि वीज गेली की धुऊन जातं.

निघताना ती निळी केबल रॅकमध्येच टांगून ठेवते. पूर्ण कॉन्फिगची छापील प्रत आणि नवे पासवर्ड कारकुनांच्या त्याच लिफाफ्यात जातात. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, पतपेढीत असा रॅक असेल, तर आजच जाऊन एवढं पाहा: कन्सोलची केबल जवळ आहे का, आणि पासवर्डचा कागद कुणाच्या कपाटात आहे.